चटईच्या भिंती आणि स्वतःची चूल



लग्नाचा बस्ता असो की दिवाळीची खरेदी, कोल्हापूर-सांगलीकडच्या आपण सगळ्याजणी कधी ना कधी गांधीनगरला गेलेल्या आहोत. होलसेल भावात साड्या, ड्रेस मटेरियल, चादरी, पडदे, सगळं एका फेरीत मिळतं. पण ज्या जमिनीवर हा बाजार उभा आहे, तिथे ऐंशी वर्षांपूर्वी पोलंड देशातल्या बायका आणि मुलं राहत होती. ती गेली आणि पाठोपाठ सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबं त्याच बराकींत राहायला आली. एकाच जागेने दोन वेगवेगळ्या देशांच्या निर्वासितांना आसरा दिला. आज मला लिहायचं आहे ते त्या बराकींच्या बांधणीविषयी. घर गेलेल्या माणसासाठी घर कसं आखावं, याचा एक धडा आपल्या अगदी शेजारी गिरवला गेला आणि आपल्याला तो फारसा माहीतच नाही.

आधी थोडा इतिहास. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला आणि सतरा तारखेला रशियाचं सैन्य पूर्वेकडून आत शिरलं. पूर्व पोलंड रशियाच्या ताब्यात गेला. फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या कुटुंबांना उचलून नेण्याचं सत्र सुरू झालं. रात्री-पहाटे दार ठोठवायचं, हाताला लागेल ते घ्यायला सांगायचं आणि मालगाडीच्या डब्यात भरून सायबेरियाला, कझाकस्तानला पाठवायचं. तिथे जंगलतोड, शेतमजुरी, अर्धपोटी दिवस आणि एका बराकीत कोंबलेली अनेक कुटुंबं. थंडीने आणि रोगाने कितीतरी माणसं तिथेच गेली.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा चित्र पालटलं. लंडनमध्ये असलेलं पोलिश सरकार आणि रशिया यांच्यात करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहिलं. १९४२ मध्ये ते सैन्य कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला गेलं, तेव्हा त्याच्याबरोबर हजारो बायका, मुलं आणि म्हातारी माणसंही बाहेर पडली. पुरुष लढाईवर गेले. मागे राहिलेल्या या बायका-मुलांना ठेवायचं कुठे? काही आफ्रिकेत गेली, काही न्यूझीलंडला, काही थेट मेक्सिकोला. काहींना आपल्याकडे जागा मिळाली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी इथे पोलिश मुलांसाठी छावणी उघडली, ती गोष्ट बऱ्याच जणींनी वाचली असेल. कुटुंबांसाठीची मोठी छावणी मात्र कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला झाली.

१९४३ साली ही वसाहत उभी राहिली. पंचगंगेजवळची मोकळी जमीन आणि शेजारून जाणारा कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्ग. इराणहून कराची आणि मग मुंबईकडून इथवर असा या लोकांचा प्रवास. सुमारे पाच हजार माणसं इथे राहिली, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. पाच हजार म्हणजे त्या काळी आपल्याकडचं एक चांगलं मोठं गाव झालं.

आता बांधणीकडे येऊ. लढाईचे दिवस होते. सिमेंट आणि लोखंड सैन्याकडे जात होतं. म्हणून लांबच लांब बराकी बांधल्या त्या साध्या सामानाच्या. लाकडाचा सांगाडा, चटईच्या भिंती आणि वर कौलं. आपल्या भागातला सुतार, बुरूड आणि गवंडी यांना हाताखालचं वाटावं असंच सगळं. बाहेरून पाहिलं तर गरिबाघरचं काम. पण त्या बराकींची आखणी पाहिली की मन थांबतं. लांब बराक मोकळी हॉलसारखी सोडली नव्हती. ती आडव्या भिंतींनी तोडून प्रत्येक कुटुंबाला वेगळं बिऱ्हाड दिलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे व्हरांडा. आपल्या जुन्या चाळीतल्या किंवा वाड्यातल्या बिऱ्हाडासारखंच म्हणा ना.

तुम्ही म्हणाल, दोन खोल्यांत काय मोठंसं! पण ज्या बाईने दोन वर्षं सायबेरियात परक्या माणसांच्या शेजारी फळीवर झोपून काढली, तिथून इराणात तंबूत आली, तिच्या नजरेने या बिऱ्हाडाकडे बघा.

पहिली गोष्ट दार. आतून लावता येणारं स्वतःचं दार. चटईच्या भिंतीतून शेजारचं बोलणं ऐकू येणार हे सांगायला नको, पण दिसत तर नाही! कपडे बदलावेत, न्हाऊन केस पुसावेत, रडू आलं तर रडून घ्यावं, वयात आलेल्या मुलीला जवळ बसवून चार गोष्टी सांगाव्यात. या सगळ्याला दार लागतं. ते जाड नसलं तरी चालतं, पण लागतं.

दुसरी गोष्ट चूल. वळिवड्यात कुटुंबांना खर्चाला ठरावीक पैसे मिळत. सामान आणायचं आणि आपापल्या घरी शिजवायचं, अशी पद्धत होती. आईबाप नसलेल्या मुलांसाठी वेगळं अनाथगृह होतं, तिथे एकत्र जेवण. पण ज्या घरात आई होती, त्या घरात चूल आईच्या हातात होती. मी बी.कॉम. शिकलेली, त्यामुळे माझं डोकं आधी खर्चाकडे जातं. पाच हजार माणसांसाठी एक मोठा भटारखाना काढणं हिशेबाला सोपं. सामान एकगठ्ठा घेता येतं, जळण कमी लागतं, नोंदीही सोप्या. पण एकत्र जेवणावळीत घरची बाई फक्त ताट घेऊन रांगेत उभी राहते. काय शिजवायचं, कुणाला थोडं जास्त वाढायचं, आजारी पोराला पातळ काय द्यायचं, सणाला काय करायचं, हे ठरवण्याचा तिचा हक्क जातो. सणावरून सांगते, पोलिश लोकांत नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण फार महत्त्वाचं, आणि त्या जेवणात मांस वर्ज्य असतं. मासे चालतात, पण मांस नाही. आपल्याला पर्वाच्या दिवशीचे नियम जसे प्राणापलीकडचे, तसंच त्यांचं. असे नियम पाळायचे तर स्वतःची चूल हवी.

तिसरी गोष्ट व्हरांडा. हा मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. घर आणि रस्ता यांच्यामधली ही जागा. भाजी निवडायची, शिवण घेऊन बसायचं, शेजारणीशी बोलायचं, पोरांवर लक्ष ठेवायचं. कोल्हापूरच्या उन्हापावसात चटईची भिंत वाचवायलाही तो उपयोगी. पण खरा उपयोग माणसं जोडण्याचा. घराबाहेर पडायला भीती वाटणाऱ्या बाईला एक पाऊल बाहेर टाकता येतं आणि तरी ती स्वतःच्याच जागेत असते. आपल्या आज्या ओट्यावर बसून जग बघायच्या, तसंच.

आणि बिऱ्हाडांच्या पलीकडे सगळ्यांच्या मिळून जागा होत्या. शाळा होत्या, प्राथमिकपासून वरच्या वर्गांपर्यंत. चर्च होतं, दवाखाना होता, नाटकासाठी रंगमंच होता, पोस्ट होतं. मुलामुलींची स्काउट पथकं होती. दुकानं मांडायला आसपासचे व्यापारी येत, त्यामुळे आपल्या भागातल्या माणसांशी त्यांचा रोजचा संबंध आला. काही पोलिश मुलींनी पुढे इथेच लग्नं केली आणि त्या कोल्हापूरच्या सुना झाल्या. माणूस छावणीत राहतो म्हणजे फक्त खातो आणि झोपतो, असं धरून ही वसाहत आखलेली नव्हती. तो शिकतो, प्रार्थना करतो, आजारी पडतो, गातो, पत्राची वाट बघतो, हे धरून आखली होती.

१९४५ मध्ये लढाई संपली, पण या लोकांना परतायला घरच उरलं नाही. पूर्व पोलंडचा त्यांचा मुलूख रशियाकडे गेला. ब्रिटनने जुलै १९४५ मध्ये लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. तात्पुरतं म्हणून आलेली माणसं पाच वर्षं राहिली. छावणी आखणाऱ्यांनी हे कायम लक्षात ठेवायला हवं. निर्वासितांचं 'चार दिवस' कधीच चार दिवसांचं नसतं. १९४८ पर्यंत ही सगळी पांगली. बरीचशी इंग्लंडला गेली, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला, काही परत पोलंडला. काहीजण इथल्याच मातीत राहिले. त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. आपल्या महावीर गार्डनमध्ये या पोलिश लोकांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आहे. फिरायला जाल तेव्हा दोन मिनिटं तिथे जरूर थांबा. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे गेले होते, ते टीव्हीवर पाहिलं असेल.

बराकी मोकळ्या होतात न होतात, तोच फाळणीने बेघर झालेले सिंधी लोक आले. ज्या कराचीतून पोलिश कुटुंबं आली होती, त्याच कराचीच्या बंदरातून आता हजारो सिंधी कुटुंबं बोटींनी मुंबईकडे निघाली होती. त्यातली काही वळिवड्याला येऊन राहिली आणि वसाहतीला गांधीनगर नाव पडलं. पुढचा कापडबाजार त्यांनी कष्टाने उभा केला.

इथे एक तुलना करावीशी वाटते. त्याच वेळी कल्याणजवळ याहून कितीतरी मोठी निर्वासित वसाहत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर नाव मिळालं. सुमारे एक लाख सिंधी तिथे आले. आजही तिथले लोक पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार' म्हणतात. तिथल्या बराकी लढाईच्या वेळी सैनिकांसाठी बांधलेल्या, वळिवड्याच्या चटयांपेक्षा भक्कम. पण त्या आखल्या होत्या ओळीने खाटा टाकून झोपणाऱ्या जवानांसाठी. त्यात कुटुंबं आली तेव्हा मोठ्या बराकीत गोणपाटं आणि साड्या टांगून बायकांनी आपापले कोपरे वेगळे केले. संडास सामाईक, पाणी सामाईक. उल्हासनगरच्या लोकांनी तिथेही मेहनतीने उद्योग उभे केले, याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण सुरुवातीची ती वर्षं बायकांनी कशी काढली असतील, याचा विचार आला की जीव गलबलतो.

या दोन जागा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. माणुसकीची जागा व्हायला भारी सामान लागत नाही. चटईची भिंत योग्य ठिकाणी उभी केली तर ती घर देते, आणि दगडी भिंतीचा मोठा हॉल तसाच सोडला तर तो गोदाम राहतो. फरक पडतो तो आखताना मनात कोण आहे याने. 'इतकी डोकी' मनात धरली की हॉल होतो. 'इतकी कुटुंबं' धरली की बिऱ्हाडं होतात.

आज जगभर मदतकार्यासाठी काही किमान मापं ठरलेली आहेत. स्फिअर नावाने ती ओळखली जातात आणि १९९७ पासून त्यावर काम चालू आहे. त्यात एका माणसाला निवाऱ्याची किमान जागा साडेतीन चौरस मीटर धरली आहे, तीही स्वयंपाक आणि न्हाणीघर सोडून. मी तिचे फूट करून पाहिले. साधारण साडेसदतीस चौरस फूट येतात, म्हणजे आपल्या घरातल्या डबल बेडएवढी जागा! त्यात झोपायचं, सामान ठेवायचं, पोरांनी अभ्यास करायचा. दिवसाला दरमाणशी किमान पंधरा लिटर पाणी, म्हणजे एक बादली. वीस माणसांमागे निदान एक संडास, आणि बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट संडास, आतून कडी आणि उजेड असलेले. मापं वाचताना कोरडी वाटतात, पण प्रत्येक आकड्यामागे कुणाची तरी कुचंबणा आहे.

ही कुचंबणा आपल्या घरापर्यंत आली ती ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. माझ्या धाकट्या वन्सं सांगलीला असतात. पाणी दुसऱ्या पायरीवर आलं तसं त्यांना बोटीतून काढून एका मंगल कार्यालयात नेलं. रस्ते बंद, आम्ही कोल्हापुरात अडकलेलो, जे काही कळायचं ते फोनवर. देणाऱ्यांनी हात आखडता घेतला नव्हता. अंथरुणं आली, औषधं आली, दोन्ही वेळचं जेवण आलं. पण हॉल एकच. शेदीडशे माणसं, दिवे रात्रभर चालू. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, पाच दिवसांत साडी बदलायला दोघींनी चादर धरायची आणि तिसरीने बदलायची, असं केलं." त्यांच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, त्यात चातुर्मास. कांदा-लसणाचा भात त्यांना चालेना, गाळून उकळलेलं पाणी मिळेना, जेवण यायचं ते दिवस मावळल्यावर. केळी आणि चुरमुऱ्यांवर त्यांनी दिवस काढले. कुणाची चूक म्हणावी? स्वयंपाक करणारे रात्रंदिवस राबत होते. पण एका कोपऱ्यात चार शेगड्या आणि दोन पातेली वेगळी ठेवली असती, तर म्हाताऱ्यांचं, बाळंतिणींचं, पथ्याच्या माणसांचं सगळ्यांचंच भागलं असतं.

यावर काम करणारे एक जपानी वास्तुरचनाकार आहेत, शिगेरू बान. २०१४ चा प्रित्झकर पुरस्कार त्यांना मिळाला. कापडाच्या ताग्याच्या आत पुठ्ठ्याची नळी असते ना, तशा पण जाड आणि मजबूत नळ्यांनी ते निवारे उभारतात. आफ्रिकेतल्या रवांडामधून पळालेल्या निर्वासितांना १९९४ मध्ये ताडपत्र्या दिल्या गेल्या. त्या ताणायला लोकांनी झाडं तोडली. मग ॲल्युमिनियमचे खांब दिले, तर पैशांसाठी लोकांनी ते विकले. पुठ्ठ्याची नळी कोण विकत घेणार? ती विकली जात नाही आणि झाडंही वाचतात. किती साधा विचार! २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्येही त्यांनी अशी घरं केली. पायाला पडक्या घरांचाच राडारोडा, खाली मातीची जमीन, छपराला वेताच्या चटया. चटई इथेही कामाला आली!

२०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये माणसं शाळांच्या व्यायामशाळेत राहत होती, आपल्या मंगल कार्यालयासारखीच. बान यांनी तिथे नळ्यांची चौकट आणि कापडी पडदे लावून कुटुंबागणिक खोल्या पाडल्या. ना खिळा, ना हातोडा. २०२२ मध्ये युक्रेनमधून लाखो बायका-मुलं पोलंडमध्ये आली, तेव्हा सीमेजवळच्या हेऊम गावात एका बंद पडलेल्या सुपरमार्केटमध्ये त्यांच्यासाठी हेच पडदे लागले. ज्या देशाच्या बायका-मुलांना वळिवड्याने दार दिलं, त्या देशात आता दुसऱ्यांच्या लेकीबाळींसाठी आडोसा उभा राहत होता.

आपल्याकडे आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दानं आपण लहानपणापासून ऐकतो. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात ही यादी जरा वेगळी आहे. तिथे आहार आणि औषधाबरोबर उपकरण आणि आवास आहेत. मूळ संदर्भ व्रतींच्या सेवेचा आहे, हे मला माहीत आहे. तरी आवास हा शब्द तिथे आहे, याचा मला आधार वाटतो. पूर आला की आपण आहारदानाला धावतो, औषधंही नेतो. आवासाचा विचार मात्र 'हॉल उघडून दिला' इथे संपतो. आणि अभयदान तरी काय? रात्री निर्धास्त झोप लागेल अशी जागा देणं हेही अभयच.

म्हणून आपापल्या महिला मंडळापुढे एक गोष्ट मांडते. आपल्या बहुतेक गावांत समाजाचं सभागृह किंवा कार्यालय आहे. पावसाळ्याआधी तिथे एवढं करून ठेवता येईल. हॉलच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना माणसाच्या उंचीच्या वर दर सहा-सात फुटांवर पक्के हूक ठोकून घ्यायचे. जाड नायलॉन दोरीची बंडलं आणि गडद रंगाच्या जुन्या साड्या किंवा पडदे धुऊन, मोजून एका पेटीत ठेवायचे. गांधीनगरला पडद्याचं कापड ताग्याने किती स्वस्त मिळतं, ते तुम्हाला सांगायला नको. दोऱ्या ताणल्या की अर्ध्या तासात कुटुंबागणिक आडोसे होतील. एक कोपरा बाळंतिणी आणि लेकुरवाळ्यांसाठी राखायचा. संडासाला आतल्या कड्या आहेत का, वाटेवर उजेड आहे का, ते आत्ताच बघायचं. मागच्या बाजूला चार शेगड्या, थोडी भांडी आणि पाणी गाळायची फडकी ठेवायची, म्हणजे ज्याला त्याला आपलं पथ्य आणि नेम पाळता येईल. खर्च काढून पाहिला तर एखाद्या वाढदिवसाच्या जेवणावळीहून जास्त येणार नाही.

आमच्या मंडळाच्या पुढच्या सभेत मी हा विषय घेते आहे. तुमच्या गावच्या सभागृहात काय सोय आहे आणि काय कमी आहे, ते एकदा जाऊन बघून या आणि मला जरूर कळवा. हूक कुठे बसतील ते मोजायला टेप न्यायला विसरू नका.

जय जिनेंद्र!